वाचक विचारतात : ट्रकवरची धूळ कोणत्या रस्त्याची?

प्रश्न : मी तामिया कंपनीचा १/३५ प्रमाणातला (मूळच्या पस्तिसाव्या भागाएवढा) अमेरिकन जीएमसी अडीच टनी मॉडेल-ट्रक जोडला आहे. १९४४ साली फ्रान्समध्ये रसद वाहणारा ट्रक म्हणून तो दाखवण्याचा विचार आहे. ऑलिव्ह ड्रॅब (लष्करी हिरवट तपकिरी) रंग, डिकॅल (चिकटवायची चिन्हे) आणि तपकिरी वॉश (पातळ रंगाचा हात) झाल्यावर आमच्या परसातली तांबडी माती चाळून ब्रशने सगळीकडे लावली. आता ट्रक वापरातला न वाटता मातीत पुरून काढल्यासारखा दिसतो. तो सुधारता येईल का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : निश्चित सुधारता येईल. आपल्या मॉडेलमध्ये रंगकामाचा दोष फारसा दिसत नाही. दोष आहे तो मातीच्या निवडीत आणि ती सगळीकडे सारखी लावण्यात. वेदरिंग करताना, म्हणजे मॉडेल वापरातले वाटावे म्हणून धूळ-डाग दाखवताना, प्रत्येक डागाला कारण असले पाहिजे, आणि ते कारण ट्रक कुठे, कोणत्या महिन्यात व कोणत्या कामावर होता यातून मिळते.

आपण निवडलेल्या विषयाला ही माहिती अगदी नेमकी उपलब्ध आहे. नॉर्मंडीतून पुढे सरकलेल्या सैन्याला रसद पुरवण्यासाठी अमेरिकनांनी ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ नावाची ट्रकवाहतूक २५ ऑगस्ट १९४४ रोजी सुरू केली आणि ती १६ नोव्हेंबरपर्यंत चालली. सेंट-लो ते शार्त्र या भागातले रस्ते तिच्यासाठी राखून ठेवले होते, जाण्याचा आणि परतण्याचा मार्ग वेगळा होता, आणि ट्रक रात्रंदिवस धावत होते. चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक होते. आपण केबिनमध्ये चालकाची आकृती बसवणार असाल, तर हे आवर्जून लक्षात ठेवावे. आता ट्रक ऑगस्टअखेरचा असेल तर त्याच्यावर धूळ हवी आणि नोव्हेंबरचा असेल तर चिखल हवा. त्या मुलखातली धूळ आपल्यासारखी तांबडी नसते. ती फिकट, पिवळसर करड्या रंगाची असते. आपल्या मातीचा तांबडा रंग जांभ्या दगडातल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे आलेला आहे, त्यामुळे ती लावताक्षणी ट्रक शार्त्रच्या वाटेवरून उठून थेट डिचोलीत येतो.

दुसरी अडचण कणाच्या आकाराची आहे. १/३५ प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरचा कण म्हणजे प्रत्यक्षातला साडेसतरा मिलिमीटरचा खडा होय, आणि असे खडे बॉनेटवर चिकटून राहत नाहीत. साध्या चाळणीतून आलेली माती या कामाला भरडच ठरते. तयार पिगमेंट, म्हणजे रंगाची बारीक पूड, वापरावे हे उत्तम. पण घरचीच माती वापरायची असेल, तर ती भरपूर पाण्यात ढवळावी, जड कण तळाशी बसेपर्यंत क्षणभर थांबावे, वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे आणि त्यातला गाळ बसल्यावर तो वाळवून खलात घोटावा. हाताला चेहऱ्याच्या पावडरीसारखी मऊ लागेल तीच माती कामाची.

लावलेली माती आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडून काढा. जी निघणार नाही ती व्हाइट स्पिरिटमध्ये (रंग पातळ करण्याच्या द्रावणात) किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने वरून खाली ओढत पुसा. ऑलिव्ह ड्रॅब अॅक्रिलिक असेल आणि त्यावर वार्निशचा थर असेल तर त्याला धक्का लागणार नाही. तरीही आधी चासीच्या खालच्या बाजूला पारखून पाहावे. सांध्यांत थोडी तांबूस छटा उरली तर ती राहू द्यावी, तिच्यावर फिकट रंग बसल्यावर ती खटकत नाही.

यानंतरचा भाग मला या छंदात सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्यासाठी पुस्तकापेक्षा आपल्याच रस्त्यावर उभे राहणे अधिक उपयोगी आहे. कोरड्या दिवसांत खनिज किंवा चिरे वाहून नेणारा ट्रक समोरून गेला की त्याच्या मागच्या बाजूकडे नीट पाहा. फाळक्यावर धुळीचा थर सर्वांत जाड असतो, कारण धावत्या ट्रकच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ तिथे ओढली जाते. मडगार्डच्या मागे, हौद्याच्या खालच्या कडेला आणि चाकांच्या खोलगट भागात ती साचते. दाराच्या मुठीभोवती आणि चढायच्या पायरीवर हातापायांच्या घासण्याने ती टिकत नाही. वायपर फिरलेल्या जागी काचेवर स्वच्छ कमान उरते. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या पृष्ठभागावर धूळ कमी आणि खाचांत अधिक असते. रंग आपल्या मातीचा असला तरी धूळ कुठे बसते याचे नियम फ्रान्समध्येही हेच आहेत. त्यातही रेड बॉलचे ट्रक ताफ्याने धावत असल्यामुळे पुढच्या ट्रकची धूळ मागच्याच्या रेडिएटरवर, दिव्यांवर आणि बंपरवर बसणार. म्हणून आपल्या ट्रकचे तोंडही स्वच्छ ठेवून चालणार नाही.

प्रत्यक्ष कृती करताना बफ, म्हणजे फिकट पिवळसर, रंगाचे पिगमेंट व्हाइट स्पिरिटमध्ये अगदी पातळ कालवून खालच्या भागात लावावे, ते वाळले की कोरड्या ब्रशने उभ्या दिशेने हलके झाडावे, आणि जिथे धूळ दाट हवी तिथेच दुसरा हात द्यावा. इंधनाच्या टाकीच्या तोंडाशी तपकिरी ऑइल कलरचा एक बारीक ओघळ काढावा, कारण सांडलेले पेट्रोल धूळ धुऊन नेते आणि गडद डाग ठेवते. हा एक ओघळ नीट जमला तर ट्रकवर कोणी तरी खरोखर काम केले आहे असे पाहणाऱ्याला वाटते. मात्र असे ओघळ चारपाच ठिकाणी काढू नयेत. शेवटी वरून वार्निश फवारू नये, त्याने पिगमेंट गडद होते आणि निम्मी धूळ दिसेनाशी होते.

मूळ रंगाबद्दलही सुचवतो. तामियाचा एक्सएफ-६२ हा ऑलिव्ह ड्रॅब थेट बाटलीतून लावल्यास लहान मॉडेलवर फार गडद दिसतो. त्यात थोडा बफ, म्हणजे एक्सएफ-५७, मिसळून बॉनेट, छत आणि मडगार्डचे माथे उजळावेत. पांढरा मिसळल्यास रंग खडूसारखा होतो, म्हणून तो टाळावा.

आपली तांबडी माती मात्र टाकून देऊ नका. डिसेंबर १९६१ मधल्या गोवा मुक्तीच्या कारवाईतले भारतीय सैन्याचे वाहन आपण कधी केलेत, तर तिच्याइतकी योग्य धूळ दुसरी नाही. पावसाळा संपून रस्ते कोरडे झालेले ते दिवस होते. पोर्तुगीजांनी पूल उडवल्यामुळे ओलांडाव्या लागलेल्या नदीकाठचे एखादे वाहन दाखवणार असाल, तर चाकांवर आणि चासीवर पाण्याची ओली रेषा व तिच्या खाली चिकट गाळही शोभेल.

प्रश्न : याच ट्रकच्या हौद्याच्या कडांवर रंग उडाल्याचे दाखवून आत गंजाचा रंग भरला. एका स्नेह्यांनी ते चूक ठरवले. का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : आपला हौदा लाकडी असेल तर स्नेह्यांचे म्हणणे बरोबर आहे. युद्धकाळात पोलाद वाचवण्यासाठी या ट्रकचे पुष्कळ हौदे लाकडाचे केले गेले. फळीवरचा रंग उडाला की खाली राखाडी पडलेले लाकूड दिसते, गंज दिसत नाही. गंज फळ्यांना धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्यांवर आणि बिजागऱ्यांवर, तोही थोडाच दाखवावा. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात वाढलेल्या आपल्या डोळ्यांना पत्रा म्हणजे गंज हे समीकरण सवयीचे झालेले असते, पण काही महिनेच रस्त्यावर असलेल्या लष्करी ट्रकचा पत्रा खाऊन गेलेला नसतो. भरपूर गंज हवाच असेल तर सायलेन्सर आहे. तिथे बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मोकळ्या हाताने वापरावा.

प्रश्न : जुलैमध्ये मॅट वार्निश फवारले आणि सगळे मॉडेल पांढुरके झाले. सगळा रंग काढावा लागेल का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : लगेच काढू नका. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि वार्निशमध्ये अडकून पांढुरका पडदा तयार होतो. कोरड्या दिवशी किंवा वातानुकूलित खोलीत त्याच प्रकारच्या ग्लॉस वार्निशचा पातळ हात दिल्यास तो पडदा बहुतेक वेळा विरतो, आणि पूर्ण वाळल्यावर मॅट पुन्हा देता येते. एअरब्रश वापरत असाल तर कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी अडवणारा सापळा बसवून घ्या आणि काम करताना तो मधून मधून रिकामा करा. फवारल्यानंतर मॉडेल सिलिका जेलच्या पुड्या ठेवलेल्या झाकणाच्या डब्यात वाळवा, आणि बाहेर पावसाची झड लागलेली असेल त्या दिवशी वार्निशऐवजी टायर रंगवण्याचे किंवा ताडपत्रीच्या सुरकुत्यांना छटा देण्याचे काम हाती घ्या.