मोगली मुलाला आवडत नाही, काय करू?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. मी लहान असताना दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली बघायचे, डकटेल्स बघायचे. ती मजा त्यालाही मिळावी म्हणून मी मुद्दाम मोगलीचे भाग शोधून लावले. चौथ्या मिनिटाला उठला आणि म्हणाला, ‘ये बहुत स्लो है, डोरेमॉन लगाओ ना.’ आमच्या घरात कुणीही हिंदी बोलत नाही! मिस्टरांचं म्हणणं, कनेक्शनच काढून टाकू. सासूबाई म्हणतात, टीव्हीपुढे दोन घास जातात तरी, लावू दे. आजकालची कार्टून्स खरंच इतकी वाईट आहेत का? जुनी दाखवायचा हट्ट मी सोडून द्यावा का?
– एक आई, इचलकरंजी

उत्तर : हट्ट सोडा. मोगली सोडू नका, पण तो मुलाला आजच आवडला पाहिजे हा हट्ट सोडा.

तुमच्या मनात मोगली एवढा का रुतून बसला, ते आधी बघू. ती मालिका जपानमध्ये 1989 मध्ये तयार झाली, 52 भागांची. आपल्याकडे 1993 च्या सुमारास ती हिंदीत आली आणि आठवड्याला एकच भाग लागायचा. म्हणजे एक गोष्ट पुरी व्हायला जवळजवळ वर्ष. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचाच होता. आम्ही दादरला चाळीत राहायचो. रविवारी सकाळी आमच्या खोलीत सात-आठ पोरं तरी असायची, बिनआंघोळीची, कुणाच्या हातात चहात बुडवलेली खारी. भाग संपला की गॅलरीत दिवसभर जंगल. एक जण बघीरा, एक बल्लू, आणि सगळ्यांत धाकट्याला अजगर करून फरशीवर सरपटायला लावायचे. लाइट गेली तर भाग गेला. मग ज्यानं तो दुसरीकडे बघितला असेल त्याच्याकडून ऐकायचा, आणि तो सांगणारा त्यात स्वतःच्या पदरचं इतकं घालायचा की आमच्या चाळीतला शेरखान टीव्हीवरच्यापेक्षा तीन वेळा जास्त मेला असेल.

अर्धा तास टीव्हीवर आणि सहा दिवस गॅलरीत, असा तो मोगली होता. तुमच्या मुलाला तुम्ही अर्धा तास दिलात. ते सहा दिवस त्याच्याकडे नाहीत. म्हणून त्याला तो संथ वाटला, यात त्याचा काही दोष नाही.

आता डोरेमॉन. तुम्ही त्याला ‘आजकालचं’ म्हणता, म्हणून सांगते. डोरेमॉनची चित्रकथा जपानमध्ये 1969 च्या अखेरीस सुरू झाली आणि त्याची टीव्ही मालिका 1979 पासून चालू आहे. आपल्याकडे तो 2005 मध्ये आला म्हणून आपल्याला नवा वाटतो. प्रत्यक्षात तुमचा मोगलीच त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी धाकटा आहे. शिनचॅनचं मात्र वेगळं. ती चित्रकथा 1990 मध्ये मोठ्यांच्या मासिकात सुरू झाली होती, आणि आपण ती हिंदी करून लहान मुलांपुढे ठेवली. 2008 मध्ये आपल्याकडे ती काही काळ बंद करावी लागली, पुढे काटछाट करून परत आली. तेव्हा कार्टून जुनं की नवं, हे विचारून काही हाती लागत नाही. कुणासाठी केलंय, किती वेगाचं आहे आणि ते संपतं की नाही, हे विचारा.

वेगाबद्दल तुमच्या मुलानं स्वतःच सांगितलं, ‘स्लो है’. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये चार वर्षांच्या 60 मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांना नऊ मिनिटं अतिशय वेगवान कार्टून दाखवलं, काहींना संथ, आणि काहींना नुसते रंगीत खडू देऊन चित्रं काढायला बसवलं. लगेच नंतर धीर धरण्याच्या, आकडे उलट क्रमानं सांगण्याच्या अशा छोट्या चाचण्या घेतल्या. वेगवान कार्टून बघितलेली मुलं त्यात मागे पडली. नऊ मिनिटांत! हा परिणाम बघून उठल्यावर लगेच मोजलेला आहे. जन्माचं नुकसान होतं असं त्यातून निघत नाही, आणि डोरेमॉन काही त्या जातीचं भन्नाट वेगाचं कार्टूनही नाही. पण अभ्यासाला किंवा जेवायला बसायच्या आधी काय लावू नये, एवढं त्यातून नक्की कळतं.

खरी मोठी गोष्ट तुम्ही पत्रात एका उद्गारचिन्हावर सोडून दिलीत : ‘घरात कुणीही हिंदी बोलत नाही!’

मी बावीस वर्षं मुंबईत डबिंगची स्क्रिप्टं लिहिली, बहुतेक सगळी हिंदीत. पडद्यावर ओठ मिटले की तिथे प, ब, म यांपैकी अक्षर यायला हवं, नाहीतर शब्द तोंडात बसत नाही. अमेरिकी कार्टूनमध्ये ओठांची हालचाल बारकाईनं काढलेली असते, तिथे एकेका वाक्याला घाम फुटायचा. जपानी कार्टूनमध्ये तोंड बहुतेक उघडतं-मिटतं एवढंच, त्यामुळे जागा जास्त मिळते. ‘बचाओ’ हा शब्द आम्हाला लाडका, कारण सुरुवातीलाच ब आहे. मराठीत ‘वाचवा’ घेतलं तर व ला ओठ पुरते मिटत नाहीत, मग ‘पळा’ किंवा ‘मेलो’ असं काहीतरी शोधायचं. शोधलं की सापडतं, चांगलं सापडतं. पण बावीस वर्षांत माझ्याकडे मराठीतली कार्टून्स किती आली? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तमिळ आणि तेलुगू मुलांना त्यांच्या भाषेतला आवाज आपल्या कितीतरी आधी मिळाला. आपली मुलं ‘हिंदी समजतातच की’ म्हणून मागे राहिली. याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं, आजही वाटतं.

जरा आठवून बघा. तुमच्या लहानपणीचं एक तरी कार्टून मराठीत होतं का? मोगलीचं शीर्षकगीत गुलजारांनी लिहिलं, विशाल भारद्वाजांनी चाल दिली, शेरखानला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. म्हणजे जपानी चित्रांवर इथल्या माणसांनी मनापासून मेहनत घेतली, म्हणून ते आपलं वाटलं. भाषा मात्र हिंदी. तुम्हाला त्याचा त्रास झाला नाही, कारण आठवड्यातून अर्धा तास हिंदी आणि बाकी सगळा वेळ मराठी. तुमच्या मुलाचं प्रमाण उलटं होत चाललंय.

ते नुसत्या शब्दांपुरतं राहत नाही. माझा नातू गेल्या वर्षी म्हणाला, ‘आजी, माझी मदत कर.’ शब्द सगळे मराठी, वाक्य हिंदी. आपण ‘मला मदत कर’ म्हणतो. दुसऱ्या दिवशी ‘मी सायकलवरून गिरलो’. बांगलादेशात 2013 मध्ये मुलं हिंदी बोलू लागली म्हणून सरकारनं हिंदी डोरेमॉनचं प्रसारणच थांबवलं. मला बंदी पटत नाही. पण त्यांनी निदान दखल घेतली, आपल्याकडे कुणाला ती तक्रारच वाटत नाही.

तुम्ही विचारलंत काय करू, तर मी नातवाबरोबर जे केलं ते सांगते. त्याला म्हटलं, आज डोरेमॉन आपण बोलायचा. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. नोबिताची आई दारात उभी, कमरेवर हात. मी म्हटलं, ‘नोबिता! पुन्हा शून्य? दाखव तो पेपर!’ नातू दोन मिनिटं नुसता हसत होता. मग नोबिताचं तोंड हललं आणि हा बोलेना. पुढचं वाक्यही गेलं. तिसऱ्याला ओरडला, ‘आई, मी लपवला नाही, तो उडून गेला!’ पाच मिनिटांत आम्ही दोघंही दमलो आणि टीव्ही त्यानं स्वतःच बंद केला, कारण पुढचं बोलणं त्याला सोफ्यावर उभं राहून करायचं होतं. आता आठवड्यातून एकदा आमचा हा कार्यक्रम असतो. सिझुकाची वाक्यं मला मिळतात, जियानची त्याला. ‘माझी मदत कर’ म्हणाला की मी काही सुधारत नाही. पुढच्या वेळी डोरेमॉनच्या तोंडी मी ‘मला मदत कर’ घालते.

मिस्टरांना सांगा, कनेक्शन काढू नका, वेळ ठरवा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2021 मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरचा वेळ दिवसाला दोन तासांच्या आत असावा. मोबाइलही त्यातच धरायचा. माझ्या मते तासभर पुष्कळ झाला. आणि सुट्टे भाग लावा, एक संपला की बंद. आपोआप पुढचा भाग सुरू होण्याची सोय असते ती आधी बंद करा, सगळं भांडण तिथूनच सुरू होतं.

सासूबाईंचं काम जरा अवघड आहे, कारण त्या प्रेमानं भरवतात. त्यांना टीव्ही बंद करा म्हणू नका. टीव्हीऐवजी गोष्ट सांगा म्हणा, एक घास एक वाक्य. सुरुवातीचे आठ दिवस कमी जेवेल, ते सोसा.

मोगली सहा महिन्यांनी पुन्हा लावा. रविवारी सकाळी, शेजारची दोन मुलं बोलावून, आणि एकच भाग.

प्रश्न : माझा नातू चार वर्षांचा आहे. मी त्याला टॉम अँड जेरी दाखवतो, आम्ही दोघं पोट धरून हसतो. सुनेला ते आवडत नाही, ती म्हणते त्यात नुसती मारामारी. आम्ही शक्तिमान, ही-मॅन सगळं मुलांना दाखवलं, ती काय बिघडली? उगाच बाऊ होतोय असं मला वाटतं.
– एक आजोबा, नागपूर

उत्तर : काका, तुमचं हसणं मला फार आवडलं, पण मी सूनबाईंच्या बाजूनं आहे.

टॉम अँड जेरी 1940 मध्ये सुरू झालं ते चित्रपटगृहांसाठी. मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायचे ते, समोर मोठी माणसंही बसलेली. टॉमच्या डोक्यात तवा बसून डोक्याचा आकार तव्यासारखा होतो, याची गंमत कळायला डोक्याला तवा लागला की खरं काय होतं हे आधी माहीत असावं लागतं. चार वर्षांच्या पोराला ते माहीत नाही. तो तुमच्याकडे बघून हसतो.

आणि जुनं सगळं निर्धोक होतं, ही आपली आठवण जरा सोयीची आहे. शक्तिमान 1997 मध्ये सुरू झाला. तो वाचवायला येईल म्हणून मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या, आणि मुकेश खन्नांना स्वतः पडद्यावर येऊन असं करू नका म्हणून सांगावं लागलं होतं. माझ्या मुलानं गॅलरीच्या कठड्यावर पाय टाकला होता तो दिवस मी विसरलेले नाही. ही-मॅनचं तर आधी खेळणं बाजारात आलं, कार्टून वर्षभरानं 1983 मध्ये, खेळण्याचा खप वाढावा म्हणून. त्या मानानं एक गोष्ट आता बरी आहे. 2022 पासून मुलांच्या वाहिन्यांवर चिप्स, कोल्ड्रिंक अशा पदार्थांच्या जाहिराती दाखवायला केंद्राच्या नियमांनी मनाई आहे. तशी जाहिरात दिसली तर सूनबाईंना ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार करायला सांगा.

नातू सहा-सात वर्षांचा होऊ द्या, मग पुन्हा लावा. तोवर दोघांना हसायला दुसरं काहीतरी शोधा. त्याला मांजर आणि उंदीर हवेच असतील तर कागदावर काढून द्या.

प्रश्न : लहानपणी दूरदर्शनवर चिमण्या जाळ्यासकट उडून जातात अशी एक छोटी फिल्म लागायची. ती कोणी केली होती? मुलीला दाखवायची आहे.
– रत्नागिरीहून एक वाचक

उत्तर : ‘एक अनेक और एकता’, 1974 ची, फिल्म्स डिव्हिजनची, सुमारे सात मिनिटांची. दिग्दर्शन विजया मुळे यांचं. मुंबईत जन्मलेल्या या बाई शैक्षणिक चित्रपटांचं मोठं काम करून 2019 मध्ये गेल्या. चित्रं भीमसेन यांची, संगीत सिंधुदुर्गातल्या वसंत देसाईंचं. आणि त्यातला जो लहान मुलीचा आवाज तुमच्या कानात आहे, तो तुमच्याच जिल्ह्यातल्या दाभोळच्या साधना सरगम यांचा, तेव्हा त्या पाचेक वर्षांच्या होत्या.

जरूर दाखवा. ‘अनेक’ म्हणजे काय, असं लहानगी विचारतात आणि ताई गोष्ट सांगून समजावते, एवढंच आहे त्यात. फिल्म हिंदी आहे, पण सात मिनिटांनंतर आवाज बंद करून पुन्हा लावा आणि ताई तुम्ही व्हा.