डिस्नेच्या इतिहासावरील प्रश्नमंजूषेची तयारी करताना

आपण या विषयाची तयारी नुकतीच सुरू केली आहे, म्हणून आधीच सांगतो: तारखा पाठ करण्यापेक्षा प्रश्नात नेमके काय विचारले आहे, ते दोनदा वाचावे. कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथील डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडले, हे उत्तर बरोबर असले, तरी तो दिवस निमंत्रितांचा होता आणि सोहळा दूरचित्रवाणीवरून थेट दाखवला गेला; सर्वसामान्यांसाठी दारे उघडली ती दुसऱ्या दिवशी.

फ्लोरिडातील उद्यानाबाबत नवख्यांची हमखास गफलत होते. वॉल्ट डिस्ने १५ डिसेंबर १९६६ रोजी निवर्तले आणि ते उद्यान १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले, म्हणजे त्यांनी ते पाहिलेच नाही. निवृत्ती लांबणीवर टाकून काम तडीस नेणारे त्यांचे थोरले बंधू रॉय यांनी उद्यानाच्या नावात ‘वॉल्ट’ हा शब्द आग्रहाने घातला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेही गेले. (१९२३ साली कंपनी दोघा भावांनी मिळून काढली होती; तरीही रॉय यांच्यावर प्रश्न क्वचितच येतात, याचे मला नेहमीच वाईट वाटते.)

टोकियोचे उद्यान १५ एप्रिल १९८३ रोजी उघडले, परंतु त्याची मालकी डिस्नेकडे नसून ओरिएंटल लँड या जपानी कंपनीकडे आहे. वॉल्ट यांचा देह गोठवून ठेवल्याची कथा मात्र उत्तरात कदापि लिहू नये. त्यांचे दहन झाले होते.