बांधावरचे घायपात उपटू नका

साक्री आणि शिरपूर तालुक्यांतल्या काही शेतकऱ्यांनी विचारले आहे: बांधावरच्या घायपाताला मधूनच उंच दांडा आला आणि झाड वाळू लागले, हा कोणता रोग? पानांचा वाख, म्हणजे दोर वळायचे तंतू, घरी काढता येईल का? आणि कपाशीऐवजी घायपात लावले तर?

रोग नाही, भाऊ. औषधावर पैसे घालवू नका. घायपात, म्हणजे केकताड, आयुष्यात एकदाच फुलते. जात आणि जमीन पाहून 7 ते 10 वर्षांनी, कधी त्याहून उशिरा दांडा येतो, आणि मग झाड आपोआप वाळते. दांडा लगेच तोडू नका. त्यावर बारीक रोपे धरतात. ती गोळा करून वाफ्यात वर्षभर वाढवा; बुडाशी फुटलेली पिलेही चालतात. एका झाडाच्या जागी दहा उभी राहतील.

वाखाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ही विद्या आपल्या डोळ्यांदेखत चालली आहे. दावी, कासरे, मोटेचे नाडे, शिंकी, गोफणी हे सगळे एके काळी याच वाखाचे होते. मातंग समाजातल्या कारागिरांचा दोर वळण्यात हातखंडा. पोळ्याआधी त्यांच्या दारी गर्दी असे. गावात असा जाणता माणूस असेल तर आधी त्याच्याकडे जा आणि त्याच्या कामाचे मोल द्या. नायलॉनच्या दाव्याने बैलाची मान सोलते, हे तुम्ही रोज पाहताच.

लावल्यापासून तीनेक वर्षांनी पाने काढता येतात. फक्त खालची, आडवी झालेली कापा. शेंड्याकडची वीसेक राहू द्या, नाहीतर झाड खचते. टोकाचा काटा आधी छाटा. रसाने अंगाला खाज आणि आग होते, म्हणून हातमोजे घाला, डोळे सांभाळा. कोरफड समजून हा गर कोणी जखमेला लावू नये. पाने कापली की शक्यतो त्याच दिवशी गर खरवडून काढा, वाळली की वाख सुटत नाही. मग स्वच्छ धुऊन उन्हात वाळवा. 100 किलो पानांतून साधारण 4 किलो वाख मिळतो, एवढाच हिशेब धरा. खरवडण्याऐवजी पाने कुजवून वाख काढायचा असेल तर ती गावतळ्यात किंवा नाल्यात मुळीच टाकू नका. रसाने मासे मरतात, पाणी घाण होते, आणि तेच पाणी गुरे पितात. वेगळा खड्डा करा.

कपाशीच्या काळ्या जमिनीत मात्र लावू नका. मूळचे हे मेक्सिकोच्या कोरड्या भागातले झाड. पाणी साचले की मुळे कुजतात. शिवाय पैसा हाती यायला तीन वर्षे थांबावे लागेल आणि खरेदीदार आधी शोधावा लागेल. कोणी रोपे विकताना खरेदीची हमी देत असेल तर ती लेखी घ्या आणि कागद सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) दाखवा.

त्याची जागा मुरमाड बांध, नाल्याची धार आणि सातपुड्याच्या पायथ्याची पडीक टेकाडे. पहिला चांगला पाऊस झाला की तिथे दोन ओळींत, दोन-तीन फुटांवर लावा. गुरांची वाट आणि मुलांची पायवाट तेवढी मोकळी सोडा.