शिडाच्या बोटीवर आम्ही नवरा-बायको दोघंच. 20-25 नॉट (ताशी सुमारे 37-46 किमी) वारा आणि पाऊस असताना खाड्यांतून दिवसाचा प्रवास करावा का?

तुमची बोट 30 फुटी, वारा दुपारनंतर वाढणार आणि वाटेत एक खाडीचं मुख ओलांडून दुसऱ्या खाडीत शिरायचं, असं तुम्ही लिहिलंय. निघायचं की नाही, हे मी वाऱ्यापेक्षा भरती-ओहोटीवर ठरवेन. समुद्राकडून वारा येत असेल आणि ओहोटीचं पाणी त्याच्यासमोर बाहेर पडत असेल, तर मुखावर लाटा आखूड आणि उभ्या होतात, वाळूच्या दांड्यावर फुटतात. बाहेरून येताना लाटांच्या फक्त पाठी दिसतात, त्यामुळे आत शिरेपर्यंत सगळं सौम्य वाटतं. म्हणून मुख ओलांडायचं ते भरतीच्या शेवटच्या दोन तासांत. ती वेळ जमत नसेल तर त्या दिवशी खाडीच्या आतच फिरा.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: खराब हवेत दोघांची बोट एकट्याची होते. एक जण सुकाणूला अडकला की शीड, नांगर, नकाशा, रेडिओ सगळं दुसऱ्यावर येतं. तेव्हा ज्या कामाला दोघं लागतात ते वारा चढायच्या आधी उरका.

त्यात पहिलं काम रीफचं, म्हणजे शीड लहान करण्याचं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 15 चे 21 नॉट झाले की शिडावरचा भार दुप्पट. अंदाज 20 च्या वर असेल तर मेनसेलला (मुख्य शिडाला) पहिला रीफ धक्क्यावरच घाला. काढायला दोन मिनिटं लागतात, उसळत्या पाण्यात घालायला मात्र जीव मेटाकुटीला येतो. वाटेत घालावा लागला तर बोट वाऱ्याच्या तिरकी ठेवा, मेनशीट (मुख्य शीड आवरणारी दोरी) सैल करा, बूम (शिडाखालचा आडवा दांडा) टॉपिंग लिफ्टवर, म्हणजे त्याला वरून धरणाऱ्या दोरीवर तोला. मग हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) आधी केलेल्या खुणेपर्यंत सोडा, पुढची कडी हुकात अडकवा, हॅलयार्ड पुन्हा ताणा आणि शेवटी मागची रीफची दोरी विंचवर (दोरी ताणायच्या फिरत्या चाकावर) घट्ट ओढा. चूक बहुतेक या शेवटच्या पायरीला होते. दोरी ढिली राहिली तर शिडाचा खालचा भाग पोटासारखा फुगतो आणि बोट आधीइतकीच कलते. शिडाच्या मधल्या बारीक दोऱ्या फक्त लोंबतं कापड गोळा करण्यासाठी असतात, त्या सैलच बांधा. मागची दोरी घसरली आणि त्या करकचून बांधलेल्या असल्या, तर सगळा भार त्यांच्यावर येऊन शीड भोकांपाशी फाटतं. रीफ सोडतानाही आधी याच दोऱ्या सोडा.

इंजिन चालू असलं तरी शीड पूर्ण उतरवू नका. लाटांनी टाकीच्या तळचा गाळ ढवळला जातो, डिझेलचा फिल्टर तुंबतो आणि इंजिन नेमकं अरुंद जागी बसतं. फेरे आपोआप कमी-जास्त होऊ लागले की तोच इशारा समजा. अधूनमधून मागच्या पाइपातून पाणी पडतंय का पाहा. उथळ पाण्यात गवत किंवा पिशवी अडकून थंड पाण्याचा मार्ग बंद होतो. फिल्टर बदलून इंधनाच्या नळीतली हवा काढायला दोघांनाही यायला हवं, आणि अरुंद वाटेत नांगर लगेच टाकता येईल असा मोकळा ठेवा.

नकाशा वाचायला खाली गेलं की मळमळतं. म्हणून बोयांचा क्रम, दिशा आणि उथळ जागा कागदावर लिहून तो प्लास्टिकच्या पिशवीत सुकाणूपाशी ठेवा. मळमळीची गोळी निघण्याआधी घ्यायची, सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. सरीत समोरचं दिसेनासं झालं तर भोंगा निदान दर दोन मिनिटांनी द्या: शिडावर असाल तर एक लांब आणि दोन आखूड, इंजिन चालवत असाल तर एक लांब. शीड वर असलं तरी इंजिनने बोट ढकलली जात असेल तर नियमाने ती इंजिनाचीच बोट.

पाण्यात कोणी पडलं तर बोटीवर एकच माणूस उरतो, म्हणून सुरक्षा-पट्टा कॉकपिटमध्ये (सुकाणूपाशी बसायच्या उघड्या जागेत) येण्याआधीच अडकवायचा, बाहेर आल्यावर नाही. तरी पडलंच तर जिबची (पुढच्या शिडाची) शीट, म्हणजे ते आवरणारी दोरी, न सोडता बोट वळवा. जिब उलटी भरते आणि बोट जवळपास थांबते. तरंगतं काही फेका, जीपीएसवर जागा नोंदवा, रेडिओच्या 16 नंबरच्या चॅनेलवर मेडे (जीव धोक्यात असल्याची हाक) द्या. इंजिन गिअरमध्ये टाकण्याआधी एकही दोरी पाण्यात लोंबत नाही ना, ते बघा. भिजलेल्या माणसाला हातांनी वर ओढणं जवळपास अशक्य असतं, हॅलयार्ड आणि विंच लागतात. शांत दिवशी दोघांनी आळीपाळीने एकमेकांना असं उचलून पाहा. हलक्या माणसाला जड माणूस उचलता येत नसेल तर हॅलयार्डला कप्प्यांचा संच जोडून ठेवा.

मुक्कामाला नांगराची साखळी मोजून सोडा. पाणी 4 मीटर, भरतीने आणखी 2 चढणार, बोटीची नाळ (पुढचं टोक) पाण्यापासून 1 मीटर वर: एकूण 7. एरवी साखळी याच्या पाचपट चालते, पण अशा वाऱ्यात सातपट, म्हणजे 49 मीटर हवी. तेवढं गोल फिरायला जागा आहे का, ते आधी पाहा. साखळीला 8-10 मीटर नायलॉनचा दोर जोडून भार त्यावर घ्या, नाहीतर प्रत्येक झटका थेट नांगराला बसतो. मग इंजिन हळूहळू मागे घेऊन किनाऱ्यावरच्या एकामागे एक येणाऱ्या दोन खुणा धरा. त्या एकमेकींपासून सरकत राहिल्या तर नांगर घसरतोय. साखळी गोळा करा आणि उजेड आहे तोवर पुन्हा टाका.