मुलगा मिशनला निघालाय? आधी इस्त्री शिकवा

ताई, बॅगेची यादी नंतर. आधी त्याला बटण लावायला आणि कॉलरचा मळ काढायला शिकवा. लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चच्या मिशनवर, म्हणजे घरापासून दूर राहून धर्मप्रसार करायला, मुलगे 2 वर्षं असतात, मुली 18 महिने. तेवढ्यात पांढऱ्या शर्टांची पार दशा होते. माझ्या लेकाचा पहिला फोटो आला, तर खिशावर इस्त्रीचा तपकिरी त्रिकोण! हसावं की रडावं, कळेना.

खरी परीक्षा असते मिशनवर सोबत नेमून दिलेल्या जोडीदाराची. अनोळखी मुलासोबत दिवसरात्र राहायचं, आणि तो घोरणार, खरकटी भांडी तशीच ठेवणार. स्वतंत्र खोलीत वाढलेल्या मुलाला हे धर्मग्रंथ समजावण्यापेक्षा जड जातं. निघण्याआधी महिनाभर तरी भावंडासोबत एका खोलीत झोपू दे.

फोनची काळजी नको. 2019 पासून दर आठवड्याला तयारीच्या दिवशी (कपडे धुणं, बाजारहाट अशा कामांसाठीचा मोकळा दिवस) घरी बोलता येतं. पूर्वी नाताळ आणि मातृदिन, बस्स. पण फोनवर घरची रडगाणी गाऊ नका. पहिले काही आठवडे तो 'परत येतो' म्हणेलही. ऐकून घ्या, लगेच तिकीट काढायला धावू नका. मात्र झोप उडालीय, जेवण तुटलंय असं दिसलं, तर थेट मिशन अध्यक्षांशी, म्हणजे त्याच्या मिशनच्या प्रमुखांशी, बोला. मी संकोचात तीन आठवडे घालवले होते.