एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) पहिली नोकरी हवी असेल तर

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आधी; तिच्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. नाशिकमध्ये मुंबई नाक्याच्या खासगी रुग्णालयांत बायोडाटा देच, पण जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूसाठी (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षासाठी) राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जाहिरातींवरही लक्ष ठेव.

मुलाखतीत ‘मला बाळं आवडतात’ याला शून्य किंमत. गणित पक्कं हवं. १.२ किलोचं बाळ, पहिला दिवस, किलोमागे ८० मिली सलाईन: दिवसाला ९६ मिली, म्हणजे सिरिंज पंपावर ताशी ४ मिली. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक किलोमागे ५ मिग्रॅ सांगितलं तर ६ मिग्रॅ; २ मिलीत ८० मिग्रॅच्या व्हायलमधून फक्त ०.१५ मिली. दशांशचिन्ह सरकलं की दहापट डोस, म्हणून ‘दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेईन’ हे आपणहून सांग.

एनआरपी, म्हणजे जन्मल्यावर नीट श्वास न घेणाऱ्या बाळाला सावरण्याचं प्रशिक्षण करूनच जा. हृदयाचे ठोके मिनिटाला १०० च्या खाली असतील तर अंबू बॅगने (मास्कमधून हवा देणाऱ्या हाताच्या पिशवीने) मिनिटाला ४० ते ६० श्वास. नवीन मुली इथेच थेट छाती दाबायला धावतात! छाती हलत नसेल तर आधी मास्क आणि मान नीट करायची. ३० सेकंद श्वास नीट जाऊनही ठोके ६० च्या खालीच, तेव्हा छातीवर तीन दाब, एक श्वास.

जागा नसेल तर प्रसूतीपश्चात वॉर्ड घे, बदलीचं आधीच विचार. मूळ प्रमाणपत्रं मात्र कुणाकडे ठेवू नकोस.