मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या पायांची नियमित तपासणी करताना नेमके काय करतात?

आपल्या 62 वर्षांच्या आईंना मधुमेह होऊन 11 वर्षे झाली, पायाला काहीही झालेले नसताना डॉक्टरांनी पायांची तपासणी करून घ्यायला सांगितले आणि ‘आता पाय कापायला सांगतील’ या धास्तीने त्या जायला तयार नाहीत, असे आपण लिहिले आहे. मी परळला राहतो, मला स्वतःला मधुमेह होऊन 16 वर्षे झाली आणि गेली 9 वर्षे मी ही तपासणी न चुकता करून घेत आहे. आईंना सर्वांत आधी हे सांगा की या तपासणीत काहीही कापत नाहीत, सहसा रक्तसुद्धा काढत नाहीत आणि त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही.

आता ‘काहीही झालेले नसताना’ याविषयी. साखर अनेक वर्षे वाढलेली राहिली की पायांच्या नसांची संवेदना हळूहळू कमी होते, आणि कमी झालेली संवेदना माणसाला स्वतःला जाणवत नाही. एका पावसाळ्यात मी दादर स्टेशनवरून चालत घरी आलो आणि लादीवर रक्ताचे ठसे दिसले, तेव्हा मला कळले की चपलेतून खिळा वर आला होता. मला वेदना मुळीच झाली नव्हती. मी ज्या दवाखान्यात जात असे तिथे तोवरच्या सात वर्षांत मला कोणीही चपला काढायला सांगितले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणूनच आपल्या डॉक्टरांनी काही होण्याआधी तपासणी सुचवली, हे मला फार चांगले वाटले.

तपासणीची सुरुवात नुसत्या पाहण्याने होते. दोन्ही पाय उघडे करून टाचांच्या भेगा, घट्टे, कुरूप, नखांची वाढ आणि बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या पाहतात, बोटे वाकडी झाली आहेत का आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का, हेही तपासतात. आई जोडवी घालत असतील तर ती काढावी लागतील, कारण त्यांच्याखालची त्वचाही पाहायची असते. लाज वाटते म्हणून आदल्या दिवशी भेगा खरवडून किंवा घट्टे कापून जाऊ नये. पाय जसे आहेत तसेच दिसू द्यावेत.

त्यानंतरची चाचणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मोनोफिलामेंट नावाचा नायलॉनचा एक जाडसर धागा असतो आणि तो साधारण 10 ग्रॅमचा जोर पडला की वाकतो. आधी तो हाताला लावून दाखवतात. मग डोळे मिटायला सांगून पायाच्या अंगठ्याला आणि चवड्यावर, अंगठ्याच्या व करंगळीच्या मुळाशी, तो वाकेपर्यंत क्षणभर टेकवतात आणि जाणवले का, कुठे जाणवले, असे विचारतात. पहिल्या वेळी मी ही परीक्षा समजून अंदाजाने ‘हो’ म्हणत राहिलो, आणि धागा टेकवलेलाच नव्हता तेव्हाही ‘हो’ म्हणालो. डॉक्टर मुद्दाम मध्येच न टेकवता विचारतात, ते याचसाठी. आईंना आवर्जून सांगा की जाणवले नाही तर ‘नाही’ म्हणायचे, त्यात कमीपणा काहीच नाही, कारण खोट्या ‘हो’मुळे नेमकी जी जागा जपायला हवी तीच निसटून जाते. याशिवाय 128 हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकल्यावर कंप पावणारा धातूचा दुबेळका, अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंप जाणवतो का तेही पाहतात. काही ठिकाणी त्याऐवजी बायोथिसिओमीटर हे यंत्र वापरतात.

रक्तपुरवठा पाहण्यासाठी पायाच्या वरच्या बाजूची आणि घोट्याच्या आतल्या बाजूची नाडी बोटांनी चाचपतात. ती नीट लागली नाही तर डॉप्लर या ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. ते 0.9 पेक्षा कमी आले तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची शक्यता असते. मात्र जुन्या मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या भिंती कडक झाल्यामुळे आकडा फसवा येऊ शकतो, त्यामुळे केवळ तो चांगला आला म्हणून डॉक्टर निर्धास्त होत नाहीत.

आई रोज जी चप्पल घालतात तीच घालून त्यांना न्यावे, सणावारी घालायची नवी नको. झिजलेला तळवा आणि रुतणारा पट्टा यांवरून पायावर भार कुठे येतो हे कळते; गरज असल्यास मऊ एमसीआर (सूक्ष्म छिद्रांचे रबर) तळव्याची चप्पल सुचवतात.

संवेदना आणि रक्तपुरवठा दोन्ही ठीक असतील तर पुढची तपासणी वर्षाने होते. यांपैकी एकात दोष असेल तर ती 6 ते 12 महिन्यांनी, दोन्हींत असेल किंवा एका दोषाबरोबर पायाचा आकार बदललेला असेल तर 3 ते 6 महिन्यांनी, आणि असा दोष असून पूर्वी पायाला व्रण (खोल जखम) होऊन गेला असेल तर 1 ते 3 महिन्यांनी करायची असते. या मधल्या काळात पाय लाल, गरम किंवा सुजलेला दिसला, किंवा साचलेल्या पाण्यातून चालून आल्यावर कुठे फोड अथवा चीर आढळली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आई ‘दुखत नाही’ म्हणाल्या तरीही.